चोवीस गुणांची यादी हातात आली, पुढं काय?

हरिपूर रोड (धागाकर्ता)

सांगलीच्या आमराई बागेत सकाळी फिरायला येणाऱ्यांचा आमचा एक कंपू आहे. त्यातल्या एका काकांची मुलगी मानसशास्त्रात एम.ए. करते. तिनं मध्यंतरी सगळ्यांच्या मोबाइलवर एक प्रश्नावली धाडली. १२० विधानं, प्रत्येकापुढं ‘हे माझ्याशी कितपत जुळतं’ एवढंच निवडायचं. पैसे लागत नाहीत, पाव तासात उरकतं. शेवटी आपल्या स्वभावातले २४ गुण वरून खाली क्रमानं लावून मिळतात: कुतूहल, शिकण्याची आवड, धाडस, चिकाटी, प्रामाणिकपणा, दयाळूपणा, न्यायबुद्धी, क्षमाशीलता, सावधपणा, कृतज्ञता, उमेद, विनोदबुद्धी वगैरे. ख्रिस्तोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिगमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये ही वर्गवारी मांडली. वरचे पाच-सहा म्हणजे आपले हुकमी गुण.

मग काय, दोन दिवस ग्रुपवर नुसता गुलाल. एकांचं ‘नेतृत्व’ पहिलं आलं, त्यांनी लगेच स्टेटसला ठेवलं. दुसऱ्या एकांची ‘नम्रता’ पहिली आली, तेही त्यांनी सगळ्यांना फोन करकरून सांगितलं. तिसऱ्या दिवसापासून परत पेट्रोल, पाऊस आणि गुडघे.

मला मात्र चैन पडेना. म्हणून त्या पोरीलाच गाठलं, म्हटलं बाई, ह्याचं करायचं काय? तिनं एक प्रयोग सांगितला, तो मी नंतर शोधून वाचला. २००५ मध्ये सेलिगमन, पीटरसन आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटवरून ५७७ माणसं जमवली. शेवटपर्यंत ४११ टिकली. प्रत्येक गटाला आठवडाभरासाठी वेगळा उद्योग. एका गटाला सांगितलं, आपले हुकमी गुण ओळखा आणि एरवीपेक्षा जास्त वापरा. दुसऱ्या गटाला सांगितलं, त्यातला एखादा गुण रोज *नव्या तऱ्हेनं* वापरा. आणखी एका गटाला, रोज रात्री दिवसभरात बरं झालेल्या तीन गोष्टी लिहा, आणि त्या का झाल्या तेही लिहा. एका गटाला एक आभाराचं पत्र लिहून, ते त्या माणसाला प्रत्यक्ष जाऊन द्यायचं होतं. आणि एका गटाला, तुलनेसाठी, नुसत्या लहानपणच्या आठवणी लिहायच्या होत्या.

निकाल बघा. आभाराच्या पत्रानं माणसं सगळ्यात जास्त खूश झाली, पण तीन महिन्यांनी बघितलं तर गाडी मूळ पदावर. ज्यांनी गुण ओळखून नुसते जास्त वापरले त्यांचा आनंद तर त्याहून लवकर ओसरला, म्हणजे आमच्या ग्रुपसारखाच. तीन गोष्टींवाले आणि ‘नव्या तऱ्हे’वाले मात्र सहा महिन्यांनंतरही आधीपेक्षा बरे होते. त्यातही आठवडा संपल्यावर ज्यांनी स्वतःहून चालू ठेवलं, ते विशेष.

आता माझं. मी मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहे. पट्ट्या (शेतकऱ्याच्या मालाचे हिशोब) करायच्या, तोलाई-हमाली वजा घालायची, उधारी लिहायची. माझे वरचे दोन गुण निघाले कुतूहल आणि शिकण्याची आवड! पट्टीत कसलं आलंय कुतूहल? पण त्या पोरीच्या सांगण्यावरनं हळदीच्या हंगामात मी एक वही घातली. सौद्याला माल लागला की ज्याच्या मालाला जास्त दर निघाला त्या शेतकऱ्याला गाठून विचारायचं: जात राजापुरी का सेलम, काढल्यावर किती दिवसांत शिजवली, वाळवली कशावर, पॉलिश कुठं केलं. आधी लोकांना वाटलं, हा सरकारी माणूस झाला की काय. पण पगार तेवढाच, खुर्ची तीच, आणि तरी सकाळी दुकानात जायला पाय ओढत नाहीत. आता उलटं झालंय, गड्डा आणि हळकुंड वेगळं कुठवर निवडायचं हे विचारायला पोरं माझ्याकडं येतात.

तर विचारायचं हे, की आपल्याकडं कुणी असं काही करून बघितलंय का? का नुसती यादी घेऊन बसलाय?

---

भडंगप्रेमी

२४ मध्ये ‘जयसिंगपूरला उतरून भडंग घेऊन परत तीच बस पकडणे’ हा गुण कितव्या नंबरवर आहे?

---

हरिपूर रोड

धाडस. चौथा.

---

मिरज जंक्शन

चांगला धागा, पण थोडं थंड पाणी ओततो. राग नसावा.

त्या ५७७ जणांत बहुसंख्य शिकलेले, गोरे, आणि ‘आनंद कसा वाढवावा’ हे शोधत आपण होऊन त्या संकेतस्थळावर आलेले लोक होते. ज्याला बरं वाटायचंच आहे असा माणूस निवडला तर आठवडाभर लहानपणच्या आठवणी लिहूनही त्याला बरं वाटतं. तसं त्या तुलनेच्या गटाला वाटलंही, फक्त टिकलं नाही. पुढे अशा उपायांवरचे अनेक प्रयोग एकत्र करून परिणाम भरघोस असल्याचं सांगितलं गेलं. २०१९ मध्ये तीच आकडेमोड काहींनी पुन्हा तपासली, तेव्हा परिणाम आधी सांगितला त्यापेक्षा बराच लहान निघाला. छोट्या छोट्या प्रयोगांत आकडे फुगतात, हे कुठल्याही प्रयोगशाळेत काम केलेल्याला ठाऊक असतं.

आणि त्या प्रसिद्ध गुणोत्तराबद्दल कुणी लिहिण्याआधीच सांगतो. बार्बरा फ्रेडरिक्सन आणि मार्शल लोसाडा यांनी २००५ मध्ये मांडलं होतं की एका नकारात्मक भावनेमागे २.९०१३ सकारात्मक भावना असल्या की माणूस बहरतो. चार दशांश स्थळांपर्यंत! मी जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं. हा आकडा काढायला द्रवाच्या प्रवाहाची समीकरणं माणसाच्या मनःस्थितीला चिकटवलेली पाहून मला हसावं की रडावं कळेना. २०१३ मध्ये निक ब्राऊन, ॲलन सोकल आणि हॅरिस फ्रीडमन यांनी त्यातलं गणित पोकळ असल्याचं दाखवलं आणि नियतकालिकाला तो गणिती भाग मागे घ्यावा लागला. तोवर जगभरच्या प्रशिक्षण वर्गांत ते गुणोत्तर फळ्यावर लिहून झालं होतं. आपल्याकडेही ‘तीनास एक’ म्हणून अजून सांगतात.

तुमच्या वहीला माझा विरोध नाही. उलट ती त्या प्रयोगापेक्षा मला जास्त पटली.

---

हरिपूर रोड

सर, विरोध कसला, हेच हवं होतं. परिणाम लहान निघाला म्हणजे शून्य निघाला असं नाही ना? वहीला तीस रुपये पडलेत.

---

गावभागातली

मी इथे सहसा फक्त वाचते. पण ‘सकारात्मक राहा’ या दोन शब्दांची मला २०१९ च्या महापुरानंतर शिसारी आली आहे म्हणून लिहिते.

सांगलीबाहेरच्यांसाठी: आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या तळमजल्यात काय राहिलं असेल याचा अंदाज करा. पाणी ओसरल्यावर चिखल उपसत असताना गाडीतून येणारे लोक पाण्याची बाटली हातात देऊन म्हणायचे, ‘ताई, सकारात्मक राहा.’ फोटो काढायचे आणि जायचे. गादी सकारात्मक विचारानं वाळत नाही.

पण धागाकर्त्यांनी लिहिलंय ते वाचून एक आठवलं. गल्लीत मदतीचं वाटप सुरू झालं तेव्हा जो पुढे घुसेल त्याला दोन किट, आणि मागच्या बोळातल्या म्हाताऱ्यांना काहीच नाही, असं चाललेलं. मला अन्याय बघवत नाही, आधीपासूनच. शाळेत बाईंशीही भांडायचे. मी घरातनं एक कोरडी वही शोधली (वरच्या मजल्यावरची), घरटी नावं लिहिली, कुणाकडे लहान मूल, कुणाकडे शुगरचं औषध, आणि वहीत खूण झाल्याशिवाय दुसरं किट द्यायचं नाही असं टेम्पोवाल्यांनाच दटावलं. पुढचे काही दिवस माझं घर निम्मं चिखलात आणि मी वही घेऊन दारोदार. नवरा चिडला होता. पण खरं सांगते, त्या दिवसांत मला रात्री झोप लागली. शेजारच्या वहिनी नुसत्या बसून राहिल्या होत्या, त्यांना लागत नव्हती.

तेव्हा कुणी प्रश्नावली दिली असती तर फाडून टाकली असती. आता भरली, तर न्यायबुद्धी पहिली.

---

कास पठार

गावभागातली ताई, तुमचा प्रतिसाद माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना वाचून दाखवणार आहे, चालेल ना?

मी साताऱ्यात समुपदेशनाचं काम करते. तुमच्या त्या वहीवरून सेलिगमन यांचाच सुरुवातीचा प्रयोग आठवला. १९६७ च्या सुमारास त्यांनी आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर काम केलं. ज्या कुत्र्यांना विजेचे झटके थांबवण्याचा काहीच मार्ग नव्हता, त्यातली बहुतेक नंतर उडी मारून सहज सुटता येत असतानाही जागची हलेनात. क्रूर प्रयोग होता, आज कुणी करू देणार नाही. पण आपल्या करण्यानं काही बदलतं हा अनुभव गेला की प्राणी खचतो, हे त्यातून पुढं आलं. १९९८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी, आजाराइतकाच अभ्यास माणसात काय धड चालतं याचाही व्हावा, असा आग्रह धरला. तीच ही सकारात्मक मानसशास्त्राची शाखा. तुमच्या वहीनं तुम्हाला नेमकं ‘माझ्या करण्यानं काहीतरी होतंय’ हेच दिलं.

आता एक सावधगिरीची गोष्ट. गुण अतीही होतो. माझ्याकडे येणाऱ्या बायकांत दयाळूपणा सगळ्यात वर असलेल्या कितीतरी असतात. सासूचं पथ्य, नणंदेचं बाळंतपण, मुलांचा डबा, सगळं त्यांच्या एकटीच्या डोक्यावर, आणि वर घरचे म्हणतात ‘हिचा स्वभावच तसा’. अशा बाईला ‘तुझा हुकमी गुण आणखी वापर’ म्हणणं हा सल्ला नाही, शिक्षा आहे. तिला मी म्हणते, हाच दयाळूपणा आठवडाभर स्वतःवर वापरून बघ. पहिल्या वेळी बहुतेक जणी रडतात.

---

पोवई नाका

मॅडम, मग चिकाटीचं काय? माझा पहिला गुण चिकाटी. साताऱ्यात अभ्यासिकेत बसतो, एमपीएससी. प्रिलिम निघते, मेन्स अडते. घरचे म्हणतात चिकाटी सोडू नको. क्लासवाल्यांनी सांगितलेलं, रोज आरशापुढं उभं राहून ‘मी अधिकारी होणारच’ असं म्हणायचं. म्हणतोय. त्यानं उलट अजून घाण वाटतंय.

---

कास पठार

दादा, आरशाचं आधी. ते आजपासून बंद करा. २००९ मध्ये जोॲन वुड आणि सहकाऱ्यांनी कॅनडात हेच तपासलं होतं. ‘मी प्रेम करण्याजोगा माणूस आहे’ असं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दल आधीच बरं मत होतं त्यांना किंचित बरं वाटलं, आणि ज्यांचं नव्हतं त्यांना ते न म्हणणाऱ्यांपेक्षा वाईट वाटलं. आतून लगेच उलट उत्तर येतं. तुम्हालाही येत असणार.

चिकाटीबद्दल एक विचारते. यादीत दुसरा-तिसरा काय आहे?

---

पोवई नाका

दुसरा सामाजिक जाण. तिसरा विनोद, पण तो बंद पडलाय सध्या.

---

कास पठार

मग दिवसाचे बारा तास तोंड मिटून अभ्यासिकेत तुमचा एकच गुण राबतोय आणि बाकीचे उपाशी. अभ्यास सोडा असं मी म्हणत नाही, तो निर्णय तुमचा आणि घरच्यांचा, आणि त्याला वर्षाची मर्यादा घालावी हे माझं मत. पण मेन्सचा एखादा विषय दोन-तीन पोरांना शिकवून बघा. समोरच्याला काय कळलं नाही हे तुम्हाला चटकन कळत असणार.

आणि हे सगळ्यांसाठीच. दोन आठवड्यांहून जास्त काळ दिवसाचा बराचसा वेळ उदास वाटत असेल, कशातच रस उरला नसेल, झोप-भूक बिघडली असेल किंवा जगू नये असं मनात येत असेल, तर गुणांची यादी बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. नैराश्य हा आजार आहे, त्याला औषध आणि उपचार आहेत. सरकारची टेलि-मानस सेवा २०२२ पासून सुरू आहे, १४४१६ वर दिवसरात्र फोन लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. वहीत तीन चांगल्या गोष्टी लिहून कुणी गोळी बंद करू नये.

---

बेदाणा तासगाव

सगळं वाचलं. पटलं पण, आणि राग पण आला.

आमच्याकडं चिकाटी पिढीजात हाय. माझ्या बापानं कुठली प्रश्नावली भरली न्हाई, पण टँकरनं पाणी घालून बाग जगवली. द्राक्ष शेडवर रॅकला टाकलं आणि अवकाळी आला तर बेदाणा काळा पडतो, दर पडतो, आणि बँकेचा हप्ता तेवढाच राहतो. आता मला सांगा, माझ्या कुठल्या गुणानं हप्ता भरायचा? हे सगळं पगारदार माणसांचं खूळ हाय असं वाटतं कधीकधी. ज्याचं दुखणं भावाचं हाय त्याला स्वभावाचं औषध द्यायचं.

---

मिरज जंक्शन

शेवटचं वाक्य या धाग्यातलं सर्वांत नेमकं आहे. सकारात्मक मानसशास्त्राच्या या शाखेवरची जुनी टीकाही हीच, की ती सगळं ओझं एकट्या माणसाच्या डोक्यावर ठेवते.

---

रयतेचा विद्यार्थी

बेदाणाभाऊंशी सहमत, आणि त्यात थोडी भर.

मी रयतच्या वसतिगृहात राहून शिकलो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथं संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं. तिथं सगळ्या जातींची पोरं एकत्र राहत, एकत्र जेवत. ‘कमवा आणि शिका’ ही पुढं नावारूपाला आलेली गोष्ट. गरिबाच्या पोराकडं पैसा नाही पण अंगात कष्ट करायची ताकद आहे ना, मग त्याच ताकदीची फी करा, हा विचार. माझ्या मते गुण नव्या तऱ्हेनं वापरणं ह्याच्याहून मोठं काही असू शकत नाही.

पण तिथं पोराला ‘तुझ्यात चिकाटी आहे, जा शीक’ असं सांगून सोडलं नव्हतं. आधी ताटात भाकरी होती. आणि त्या भाकरीसाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. गुण पोरांचे होते, पण ते वापरायला जागा आणि दोन वेळचं जेवण दुसऱ्या कुणीतरी उभं केलं होतं. ती बाजू प्रश्नावलीत येत नाही.

---

हरिपूर रोड

बेदाणाभाऊ, तुमच्या हप्त्याला माझ्याकडं उत्तर नाही आणि ह्या शास्त्राकडंही नाही. असल्याचा आवही आणत नाही. दर सुधारायला पाहिजे आणि विमा वेळेवर मिळायला पाहिजे, त्यासाठी भांडावंच लागतं. पण भांडायलाही कुणाचं डोकं हिशोबाचं असतं, कुणाला अर्ज नीट लिहिता येतो, कुणी चार माणसं गोळा करू शकतो. आमच्या यार्डात हळदीवाल्यांचं असं बऱ्याचदा बघतो, सगळे एकाच माणसाला पुढं ढकलतात आणि तो बिचारा बोलण्यात कच्चा असतो.

---

बेदाणा तासगाव

हे मात्र खरं हाय. आमच्यात पण तसंच हाय. बोलणारा एक, आणि कागद कळणारा मागं गप बसलेला.

---

विश्रामबाग

मी तीन चांगल्या गोष्टी लिहायला सुरुवात केली होती. काही दिवसांनी रोज ‘चहा चांगला झाला’ हीच ओळ यायला लागली. कंटाळून सोडलं. माझ्यात कृतज्ञता नाही असं समजायचं का?

---

कास पठार

अजिबात नाही. सोनिया ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला आणि तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. रविवारी एकदाच लिहा. आणि ‘का’ लिहायचं विसरू नका. चहा चांगला का झाला? आलं कुणी किसून ठेवलं होतं? बहुतेक वेळा त्या ‘का’मध्ये एक माणूस सापडतो, आणि मग गोष्ट चहाची राहत नाही.

---

विश्रामबाग

मुलानं किसून ठेवलं होतं. मोबाइल बघत बघत, पण किसून ठेवलं होतं.

---

इस्लामपूर स्टँड

इथं विचारावं की नाही कळत नाही, पण विचारतो. वडील एसटीत चालक होते, रिटायर झाले. आता दिवसभर टीव्ही, आणि आईच्या स्वयंपाकात खोड्या काढणं. त्यांना ही प्रश्नावली देऊ का? १२० प्रश्न म्हटल्यावर मलाच शिव्या बसतील.

---

कास पठार

देऊ नका. त्यापेक्षा एखाद्या संध्याकाळी विचारा, नोकरीतली अभिमान वाटावी अशी एखादी फेरी सांगा. मधे बोलू नका. ते काय सांगतात त्याकडं लक्ष द्या: घाटातला प्रसंग सांगतात, की प्रवाशांची गंमत, की वेळेवर गाडी नेल्याचं. गुण त्यातच दिसतील, प्रश्नावली लागणार नाही.

---

इस्लामपूर स्टँड

विचारलं. रात्री अकरापर्यंत बोलत होते. सगळा आंबा घाट, धुकं, आणि ‘सगळ्या नोकरीत गाडीला ओरखडा नाही’. आईनंही पहिल्यांदाच ऐकलं म्हणे. सावधपणा आणि शिस्त, असं मी लिहून ठेवलं. आता त्याचं नव्या तऱ्हेनं काय करायचं?

---

गावभागातली

गल्लीत गाडी शिकायची इच्छा असलेल्या बायका नक्की असतील. ड्रायव्हिंग स्कूलवाला ओरडतो म्हणून निम्म्या जणी सोडून देतात, मी त्यातलीच. लायसन असूनही ज्यांचे हात कापतात अशांना सकाळी मोकळ्या रस्त्यावर नेऊन सराव करून दिला तर?

---

इस्लामपूर स्टँड

त्यांना बोललो. म्हणाले, ‘आधी टायरची हवा बघायला शिकवीन, मग स्टेअरिंग.’ मावशी उद्यापासून येणार आहे.

---

भडंगप्रेमी

काकांकडं आमच्या सौ.ना पाठवू का? सांगलीहून येतील.

---

इस्लामपूर स्टँड

पाठवा. गाडी तुमची, पेट्रोल तुमचं. आणि वडील म्हणतात, पहिल्या दिवशी तुम्ही मागच्या सीटवर बसायचं नाही.